नाश्ता राहिलेलं विमान

देशांतर्गत विमानात पहिल्या वर्गातल्या प्रत्येक प्रवाशाचा नाश्ता संपल्याशिवाय विमान खाली उतरत नाही. वैमानिकानं काहीही केलं तरी चाकं बाहेर येत नाहीत आणि विमान धावपट्टीच्या वर गोल गोल फिरत राहतं. असं का, हे कुणी विचारत नाही. बैल पाणी प्यायल्याशिवाय औताला खांदा देत नाही, तिथं तरी आपण कुठं कारण विचारतो?

म्हणून पहिल्या वर्गात नाश्त्याला काय मिळतं, हा प्रश्न लोक हौसेनं विचारत असले तरी तो हौसेचा नाही. आधी गरम ओला रुमाल येतो. तो खायचा नसतो. मग संत्र्याचा रस, पपईच्या फोडी, चंद्रकोरीसारखा एक पाव आणि लोण्याची वडी. त्यानंतर उपमा, आलूपराठा किंवा मसाला ऑम्लेट, यांतलं एक काहीतरी. शेवटी चिनी मातीच्या कपात चहा. हे सगळं पोटात जावं लागतं. जाणते प्रवासी आदल्या दिवशी बेतानंच जेवतात. मध्यंतरी एका गृहस्थानं अर्धा पराठा रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला होता. विमान फिरतच राहिलं. शेवटी सगळ्यांचे खिसे तपासले आणि त्या गृहस्थांना तो तुकडा चारचौघांसमोर उभ्यानं खावा लागला. दुसऱ्यानं खाऊनही भागत नाही. ज्याच्या पुढ्यात ताट ठेवलं त्यानंच ते संपवायचं. विमानाला कळतं.

सुटका एकच आहे. प्रवाशानं आधीच ‘नको’ म्हटलं आणि ताट पुढ्यात आलंच नाही, तर विमान त्याला मोजत नाही. नियम इतका साधा आहे की त्यात चूक व्हायला जागा नाही, असं सगळे समजून होते.

मालनआक्का देसावळे त्या सकाळी दिल्लीहून कोल्हापूरला निघाली होती. वय सत्तरीला टेकलेलं, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर. तिचा मुलगा जोतिराम फौजेत सुभेदार होता आणि आक्का त्याच्याजवळ छावणीत राहायची. आदल्या दिवशी दिवस मावळताना गावाहून फोन आला, की तिचा धाकटा भाऊ दिनकर गेला. जोतिरामला रजा मिळेना. विमानात जागा उरली होती ती पहिल्या वर्गातली एकच. त्यानं ती घेतली, आईच्या पाया पडला आणि तिला आत सोडलं.

विमानात बसायची तिची पहिलीच वेळ. तिनं खुर्चीकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं नाही. मांडीवर रुमालात बांधलेला तांब्याचा इवलासा गडू होता, तोंडाला लाख लावलेला, तो दोन्ही हातांनी धरून ती बसली. त्यात हरिद्वारचं गंगेचं पाणी होतं. ते दिनकरनंच मागवलेलं. दिवाळीला ती गावी गेली तेव्हा तो हसत म्हणाला होता, “आक्का, पुढल्या टायमाला गंगा घेऊन ये. माझं शेवटचं पाणी तुझ्याच हातानं.” तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. “मेल्या, थोरली मी हाय. पयला नंबर माझा.”

भाऊ रांग मोडून पुढे गेला होता. आता तिला एवढंच करायचं होतं: नांदोळीला माहेरच्या घरी पोचायचं, लाख फोडायची आणि दिनकरच्या ओठांवर ते पाणी सोडायचं. बाकी रडणंबिडणं नंतर बघता आलं असतं.

पहिल्या वर्गाची व्यवस्था नूतन इंगवले या मुलीकडे होती. ती मूळची कोरेगावची. नोकरीच्या शिकवणीत तिला सांगितलं होतं की प्रवासी नको म्हणाला की पुढे जायचं. पण नूतन वाढली होती आपल्यातल्याच घरात. आपल्याकडे बाई पहिलं नको म्हणते ते लाजून, दुसरं म्हणते ते रीत म्हणून, आणि तिसऱ्या नकोनंतरही जो वाढत नाही त्याच्या घरी पुन्हा कुणी पानावर बसत नाही. साहेब लोक नको म्हणाले की नूतन मुकाट पुढे जायची. पण पदर घेतलेली म्हातारी दिसली आणि शिकवण विसरून तिच्या अंगातली आजी जागी झाली.

“आजी, उपमा घ्या थोडा.”

“नको बाई.”

“अहो, गरम आहे. घरच्यासारखा.”

“नको म्हटलं न्हवं.”

“असं कसं? एवढ्या लांबचा प्रवास. माझ्यासाठी घ्या.”

आक्कानं हातानं नको केलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. नूतननं हसून ताट पुढ्यात ठेवलं. विमान किंचित हललं. प्रवाशांना वाटलं, ढग असेल.

कोल्हापूर आलं. खाली नदीचं वळण दिसलं, उसाचे हिरवे तुकडे दिसले. विमान धावपट्टीवर आलं आणि तिच्यावरून तसंच पुढे निघून गेलं. मोठी गिरकी घेऊन परत आलं, परत गेलं. पलीकडच्या खुर्चीवर एका साखर कारखान्याचे उपाध्यक्ष आप्पासाहेब उदगावे बसले होते. त्यांची सभा होती. त्यांनी आपलं ताट बघितलं, चाटूनपुसून साफ होतं. मग मान वाकडी करून आजूबाजूची ताटं बघितली आणि त्यांची नजर आक्काच्या उपम्यावर थांबली.

“आक्का,” ते म्हणाले, “तुमचा नाष्टा ऱ्हायलाय.”

“मला न्हाई खायाचं.”

“खायाला तर पाहिजे. त्याबिगर हे उतरत न्हाई.”

आक्काला हे ठाऊक नव्हतं. उदगाव्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, खिशातल्या पराठ्यासकट. तिनं ऐकून घेतलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. तिनं आयुष्यात याहून विचित्र नियम पाळले होते.

“माझा भाऊ गेलाय,” ती म्हणाली. “अजून घरात हाय. त्याला उचलल्याबिगर मला घास चालत न्हाई. पाणी पण चालत न्हाई.”

नूतनच्या हातातली किटली तशीच राहिली. तिला आता ते तिन्ही नको आठवले, आणि तिन्ही खरे होते हे कळलं. मग ताट उचलून घ्यायला पुढे झाली आणि थांबली. ठेवलेलं ताट उचललं तरी ते ठेवलेलंच राहतं, हे तिला शिकवणीत पाठ करून घेतलं होतं.

कॅप्टन रणनवरे बाहेर आले. टोपी काढून त्यांनी आक्काला नमस्कार केला आणि खुर्चीच्या दांडीवर टेकले. काम गंभीर होतं आणि ते त्यांनी गंभीरपणेच घेतलं.

“फळ चालेल का आजी? पपई आहे. सुरुवात तर होईल.”

“फळ उपासाला चालतंय. ह्यो उपास न्हवं.”

“मग हे काय असतं?”

“उपास देवासाठी असतोय. हे त्याच्यासाठी हाय.”

कॅप्टननी मान हलवली. मागच्या वर्गातून एव्हाना आवाज यायला लागले होते. मागे नाश्ता नसतो, त्यामुळे त्या लोकांवर काही बंधन नाही. पण विमान एकच असतं. पडदा सारून एकानं विचारलं, की एका माणसाच्या उपम्यासाठी एवढ्या जणांनी किती वेळ फिरायचं? कुणी सुचवलं की उपमा वाटून पाण्यात कालवून द्या. कुणी म्हणालं, म्हातारीला झोप लागली की भरवा. नूतननं पडदा ओढून घेतला.

उदगाव्यांनी वेगळा मुद्दा काढला. कारखान्याच्या सभांमध्ये त्यांना मुद्दे काढायची सवय होती. “आक्का, ह्यो नियम घरातल्या माणसांस्नी. घरात मयत असताना घरात चूल पेटवायची न्हाई. तुमी घरात कुटं हाईसा? तुमी आभाळात हाईसा.”

आक्कानं गडूवरचा रुमाल नीट केला. मग म्हणाली, “माझं मालक वारलं तवा आमी झाशीकडं छावणीत हुतो. दिनकर गावासनं आला. दोन रोज आगीनगाडीत उभ्यानं. आला तवा व्हट फुटलेलं, रगत आलेलं. म्हटलं, अरं पाणी तरी प्यायचं. तर म्हणतोय, घरात मयत असताना पाणी कसं पिऊ? मी म्हटलं, तू घरात कुटं हुतास, तू गाडीत हुतास. तर म्हणाला, तुझं घर ते माझं घर, मी कुटं का असंना.”

उदगाव्यांचा मुद्दा संपला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

पहिल्या वर्गात खुर्चीच्या बाजूला घरी बोलण्यासाठी फोन असतो. नूतननं तो जोडून दिला. नांदोळीला दिनकरचा मुलगा संपत होता, त्यानं उचलला.

“आत्या! अगं कुटं हाईस? इमान दिसतंय हितनं. पोरं माडीवर चढल्यात. नुसतं फिराय लागलंय.”

“उतरंना बाबा. माझा नाष्टा ऱ्हायलाय.”

“मग खा की पटदिशी.”

“तुझा बा घरात हाय न्हवं अजून?”

“हाय,” संपत म्हणाला.

“मग?”

संपतला लगेच कळलं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. “आत्या, हितं समदी खोळंबल्यात. सगळ्या भावकीच्या चुली कालपासनं बंद. म्हाताऱ्या अण्णा चुलत्यांची साखर खाली आलीया, त्यांस्नी भोवळ आली. आमची ही नववा लागलेली, तिलाबी पाण्याचा थेंब न्हाई, ऐकतच न्हाई. पर दादा सांगून गेल्यात, आक्का आल्याबिगर मला हलवू नका. त्यांचा शबुद कसा मोडू?”

आक्कानं फोन मांडीवर ठेवला. उदगाव्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बोटांवर मांडणी केली. भाऊ घरातून उचलल्याशिवाय आक्का खाणार नाही. आक्का खाल्ल्याशिवाय विमान उतरणार नाही. विमान उतरल्याशिवाय भावाला उचलणार नाहीत. तिसऱ्या बोटावरून ते परत पहिल्यावर आले.

“ह्यात चूक कुणाचीच न्हाई,” ते म्हणाले. त्यांना याचीच जास्त भीती वाटलेली दिसली.

कॅप्टन पुन्हा आत जाऊन आले. या वेळी ते बसले नाहीत. इंधन दुपारपर्यंत पुरेल, असं त्यांनी सांगितलं.

“आणि मग?” उदगाव्यांनी विचारलं.

“मग विमान उतरत नाही, पडतं. पडायला नाश्त्याची अट नाही.”

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, कारण ते नियमातच होतं. मागच्या वर्गात एक मूल रडत होतं. त्याची आई त्याला थोपटत काहीतरी गुणगुणत होती, ते पडद्याआडून स्पष्ट ऐकू येत होतं.

आक्का उठून सरळ बसली. तिनं पदर नीट केला, ताट जवळ ओढलं आणि चमचा बाजूला ठेवून हातानं उपम्याचा घास उचलला. घास ओठांपर्यंत गेला. आक्काचे ओठ उघडले नाहीत. तिनं मनात म्हटलं, ते लेकरू रडतंय, खा. संपतची बायको पोटुशी आहे, खा. मन कबूल झालं, तोंड झालं नाही. बोटं सुटली आणि उपमा पदरावर सांडला. तेव्हा मात्र ती रडली. कालपासून पहिल्यांदा, आणि भावासाठी नव्हे. आपल्या तोंडावर आपली सत्ता चालत नाही, याचं तिला वाईट वाटलं.

नूतन खाली बसून तिच्या पदरावरचे रव्याचे कण एकेक वेचत होती. “आजी, माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली. “तुम्ही नको म्हणाला होता.”

“तू रीत केलीस बाई. मीबी पोरीबाळींना असंच वाढती.”

खिडकीतून नांदोळी दिसत होती. आक्कानं ती आधी ओळखली नव्हती. गाव वरून कधी पाहिलं नव्हतं. पण विमान प्रत्येक फेरीला तिथूनच जात होतं आणि आता तिला खुणा लागल्या. नदीचा बाक, देवळाचा पांढरा ठिपका, त्याच्या अलीकडे लाल कौलं. कौलांपुढच्या अंगणात काळी-पांढरी गर्दी होती. त्या गर्दीच्या मागे, कौलांखाली दिनकर निजला होता. पोचणं म्हणतात ते हेच असेल, तर ती पोचली होती.

तिनं इतक्या वेळात गाठ तीन ठिकाणी तपासली होती. तोंड उघडत नव्हतं, तिथं इलाज नव्हता. विमान ऐकत नव्हतं, तिथंही नव्हता. उरलं तिसरं ठिकाण. ते तिच्या हातात होतं, हे तिला मघापासून माहीत होतं. म्हणूनच ती तिकडे बघत नव्हती.

“फोन लाव बाई,” ती म्हणाली.

संपत लगेच फोनवर आला.

“संपत, उचला त्याला.”

“आत्या, काय बोलतीस? दादांचा शबुद हाय.”

“शबुद कुणाच्या नावचा हाय? माझ्याच न्हवं? मग मी सोडती त्यो.”

“आत्या...”

“ऐक. तुझी आई नको म्हणंल. तिला सांग, वन्संनी सांगितलंय. अण्णांस्नी भितीला टेकून बसवा, खांदा द्यायला लावू नका. आन् पाणी तू पाज. घरचंच पाज, आपल्या हिरीचं. त्येला त्या पाण्याची सवं हाय. पाजताना कानापाशी जा आन् सांग, आक्का आलीया म्हणावं. वर हाय. खाली येता येईना तिला, पर आलीया.”

संपतचं हमसणं फोनमधून ऐकू आलं. उदगावे तोंड फिरवून पलीकडच्या ढगांकडे बघत बसले.

कॅप्टननी विमान जितकं खाली आणता येत होतं तितकं आणलं आणि आक्काच्या खिडकीची बाजू कलती धरली. मागच्या वर्गाला सूचना दिली, की कृपया पट्टे बांधून बसावं, प्रेतयात्रा निघाली आहे. मागचा गोंगाट थांबला. ते मूलही दूध मिळाल्यामुळे किंवा कशानं, गप्प झालं.

अंगणातली गर्दी हलली. आधी एक ठिपका बाहेर पडला, तो मडकं धरलेला संपत असणार. मग पांढऱ्या टोप्यांची ओळ. तिच्यामध्ये जे होतं ते फार लहान दिसत होतं. दिनकर चांगला उंचापुरा गडी होता. ओळ देवळावरून वळली, वेशीपाशी आली आणि तिथं दोन भाग झाले. बाया वेशीला थांबल्या. नांदोळीत बायकांनी स्मशानात जायचं नसतं. आक्का घरी पोचली असती तर तीसुद्धा तिथंच थांबली असती, भावजय सुनंदाला धरून, आणि पुढचं काही तिला दिसलं नसतं. आईच्या वेळी ती थांबली होती, वडलांच्या वेळी थांबली होती. पण ती बसली होती त्या ठिकाणाला वेस नव्हती. ती भावाबरोबर नदीच्या घाटापर्यंत गेली.

लाकडं रचलेली दिसली. माणसं भोवती फिरली. विमानाला वळावं लागलं, तेव्हा काही क्षण फक्त आभाळ आलं, आणि परत नदी आली तोवर धूर उभा राहिला होता. वारा नव्हता. धूर सरळ वर येत होता.

“दिन्या,” आक्का म्हणाली. “नीट जा.”

तिनं कपाळ काचेला लावलं आणि डोळे मिटले. गडू अजून मांडीवर होता, लाख न फुटलेला.

पुष्कळ वेळानं तिनं डोळे उघडले. नूतन शेजारी उभी होती. एकदा चुकलेली मुलगी दुसऱ्यांदा घाई करत नव्हती.

“आता चालतंय,” आक्का म्हणाली. “पर ह्यो मयतानंतरचा कडू घास. आपण हून घ्यायचा नसतोय. दुसऱ्यानं द्यावा लागतोय.”

“माहीत आहे आजी.” नूतननं हात धुतले आणि खाली गुडघ्यावर बसली. उपमा केव्हाच थंड झाला होता, त्याची वडी पडली होती. तिनं बोटांनी फोडून एक घास केला आणि पुढे धरला. “घ्या आजी.”

“नको.”

“घ्या. गेलेला माणूस आता पोचला. मागच्यांनी जगायचं असतं.”

“नको गं.”

“माझ्यासाठी घ्या.”

आक्कानं तोंड उघडलं. घास आत गेला. तिनं कडुनिंबाचा पाला मागितला. विमानात तो ठेवत नाहीत. मग उपम्यातलं कढीपत्त्याचं पान तिनं बाजूला काढलं नाही, चावून खाल्लं. पुढचं ती आपल्या हातानं जेवली. सगळा उपमा, चटणी, पपईच्या फोडी, तो चंद्रकोरीसारखा पाव, लोण्याची वडी नुसतीच. पदरावर सांडलेला घास नूतननं बशीत जपून ठेवला होता, तोही खाल्ला. रस प्यायली. चहा कोरा मागितला. आजूबाजूचे सगळे तिचा घास घास मोजत होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि जबडा चालला होता.

चहाचा शेवटचा घोट गेला. विमानाच्या पोटात खडखड झाली आणि चाकं बाहेर आली.

उतरताना उदगाव्यांनी तिची पिशवी धरली. त्यांची सभा केव्हाच उरकली होती. ठराव त्यांच्या विरोधात गेला असणार हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. शिडीपाशी नूतन उभी होती. तिच्या कामाचा भाग म्हणून तिला प्रत्येकाला विचारावं लागे, की नाश्ता कसा वाटला. तिनं आक्कालाही विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण ती रडत रडत विचारत होती.

“मीठ बराबर हुतं,” आक्का म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

नांदोळीला ती पोचली तेव्हा पुरुष आंघोळ करून ओल्या अंगानं ओसरीवर बसले होते. दिनकर निजला होता त्या जागी पिठावर दिवा लावला होता. अण्णांना साखरपाणी दिलं होतं, संपतची बायको आत आडवी झाली होती. शेजारच्या बाया पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. एकीनं आक्काच्या पुढे पान धरलं.

“मला मिळालाय कडू घास,” आक्का म्हणाली.

“कुणी दिला?”

“इमानातल्या पोरीनं.”

“बरं केलं तिनं,” बाई म्हणाली आणि पान दुसरीकडे नेलं.

गंगेचा गडू आक्कानं देवळीत ठेवला. ते पाणी आता ओठांना लागणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडताना राखेवर ओतायचं, असं ठरलं.

भावजय सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. बायांनी तिला घास पुढे केला, तिनं मान हलवली. पुन्हा केला. “नको,” ती म्हणाली. बाया रीतीप्रमाणे आग्रह करणार, तेवढ्यात आक्कानं त्यांना हातानं थांबवलं, पान आपल्याकडे घेतलं आणि सुनंदाला खेटून बसली.

“नको वन्सं,” सुनंदा म्हणाली.

आक्कानं पान खाली ठेवलं नाही. ते पुढेही केलं नाही. आपल्याच मांडीवर धरून ती बसून राहिली. पिठलं निवत होतं. घरावरून दुपारचं विमान गेलं तेव्हा बायांनी वर पाहिलं. ते सरळ आलं, सरळ खाली गेलं.

“समद्यांनी खाल्लं असंल,” एक बाई म्हणाली.

“असंल,” आक्का म्हणाली. तिनं पान दुसऱ्या मांडीवर घेतलं.